घरच्या ब्लीचने पडलेले पट्टे कसे घालवायचे

आखाजी (अक्षय्य तृतीया) तोंडावर आली किंवा लग्नसराई सुरू झाली की जळगाव, भुसावळ, धुळ्याकडे एक तक्रार हमखास ऐकू येते. घरी ब्लीच केलं, मुळं पिवळीधमक झाली, मधे भगवं आलं आणि टोकं तशीच काळपट राहिली. बहुतेकांच्या मनात उपायही ठरलेला असतो, की अजून एकदा ब्लीच लावू म्हणजे सगळं सारखं होईल. कृपा करून हे करू नका. दुसऱ्यांदा लावलेल्या ब्लीचमध्ये आधीच पिवळा झालेला भाग आणखी उडतो, मग तुटायला लागतो, आणि जो काळा भाग पहिल्यांदा मागे राहिला तो ज्या कारणाने राहिला त्याच कारणाने पुन्हा मागे राहतो. शंभरातल्या बहुतेक डोक्यांसाठी भरवशाचा मार्ग उलटा आहे: उजळलेला भाग गडद करून काळपट भागाच्या जवळ आणायचा. ब्लीच पुन्हा हातात घ्यायचं ते फक्त ठिपक्यांपुरतं, आणि तेही शेवटी.

आधी पट्टे का पडतात ते समजून घ्या, कारण दुरुस्ती त्यावर ठरते.

पहिलं कारण डोक्याची उष्णता. टाळूला लागून असलेल्या एक-दीड सेंटिमीटर केसाला शरीराची ऊब मिळते आणि तिथे ब्लीच भराभर काम करतं. म्हणून ब्लीच आधी लांबीला लावायचं आणि मुळांना सगळ्यात शेवटी. घरी लोक नेमकं उलटं करतात, मुळांपासून सुरुवात करतात, आणि टोकांपर्यंत पोचेपर्यंत मुळांना वीस मिनिटं होऊन गेलेली असतात.

दुसरं कारण खास आपल्याकडच्या उन्हाळ्याचं. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४३-४५ वर असतो आणि हवा कोरडी ठक्क. ब्लीचचं मिश्रण ओलं असेपर्यंतच चालतं. वाळलं की थांबलं. पातळ थर लावला आणि कूलरसमोर बसलात, तर कूलरकडची बाजू दहा मिनिटांत पापडासारखी कडक होते आणि दुसरी बाजू ओली राहून उजळत जाते. डाव्या-उजव्या बाजूत फरक आला असेल तर बहुतेक वेळा हेच घडलेलं असतं. शिवाय डेव्हलपरची, म्हणजे पावडरीत किंवा रंगात कालवायच्या पेरॉक्साइडची, उघडलेली बाटली पत्र्याच्या किंवा तापणाऱ्या खोलीत ठेवली तर आतलं पेरॉक्साइड आपोआप क्षीण होत जातं. मागच्या वर्षीची अर्धी बाटली या वर्षी वापरली तर ती लेबलवरच्या ताकदीची राहिलेली नसते.

तिसरं कारण केसांचा इतिहास. केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटिमीटर वाढतो. म्हणजे ४५ सेंटिमीटर लांब केसाचं टोक तीन वर्षांपूर्वीचं आहे. तीन वर्षांपूर्वी भावाच्या हळदीला लावलेली काळी डाय तुम्ही विसरलात, टोक विसरलेलं नाही. ब्लीच नैसर्गिक रंग जितक्या सहज काढतं तितक्या सहज कृत्रिम काळा रंग निघत नाही, म्हणून टोकं विटकरी-काळपट अडकून पडतात.

आणि एक चूक इथे वारंवार होते: चेहऱ्याच्या ब्लीचची डबी डोक्याला लावायची. ते क्रीम चेहऱ्यावरच्या बारीक लवेसाठी बनवलेलं असतं. डोक्याच्या जाड केसावर ते जेमतेम लाल-तांबूस रंगापर्यंत जातं, आणि डबी एवढीशी असल्याने निम्म्या बटांना पुरतही नाही.

आता दुरुस्ती. ब्लीच धुतलं त्याच दिवशी काही करू नका. निदान दहा-पंधरा दिवस जाऊ द्या, टाळूवर चरचर किंवा खपली असेल तर ती पूर्ण बरी होईपर्यंत थांबा. फोड आले असतील, पाणी सुटत असेल, तर आधी त्वचारोगतज्ज्ञाला दाखवा.

या काळात केसाची ताकद तपासा. चार-पाच केस ओले करा, दोन बोटांत धरून हळूच ताणा. चांगला केस थोडा लांबतो आणि सोडल्यावर परत जागेवर येतो. चिंगमसारखा लांबतच गेला आणि परत आला नाही, किंवा ओला असताना बोटांत शिजलेल्या शेवईसारखा गुळगुळीत लागला, तर त्या भागाला आता ब्लीच अजिबात नको. त्यावर फक्त कमी ताकदीचा रंग चालेल, आणि टोकं असतील तर कात्री चांगली. बाँड बिल्डर नावाने मिळणाऱ्या वस्तू कमकुवत केसाला आधार देतात, विरघळलेल्या केसाला परत आणत नाहीत.

मग रंगाची पायरी ओळखा. पार्लरमध्ये १ ते १० अशी मोजणी असते, १ म्हणजे काळाभोर आणि १० म्हणजे सगळ्यात फिका. आपले केस जन्मतः १ ते ३ मध्ये असतात. उजळताना आतला रंग ठराविक क्रमाने दिसत जातो. ४ ला विटेसारखा तांबडा, ५ ला तांब्याच्या भांड्यासारखा लालसर भगवा, ६ ला सरळ भगवा, ७ ला पिकल्या आंब्यासारखा पिवळसर भगवा, ८ ला पिकलेल्या केळीच्या सालीचा पिवळा, आणि १० ला त्याच सालीच्या आतल्या बाजूचा फिका पिवळा. केळीची खूण जगभरचे केस रंगवणारे वापरतात. जळगावकरांना ती शिकवायला नको. हे पाहताना ट्यूबलाइट बंद करा. सकाळच्या उजेडात ओट्यावर या, केस कोरडे ठेवा, पांढरा रुमाल बटेखाली धरा आणि प्रत्येक पट्ट्यापुढे आकडा लिहा. डोक्याच्या मागच्या भागासाठी बहीण, वहिनी, कोणीतरी सोबत घ्या. मागचे ठिपके स्वतःला दिसत नाहीत, आणि दिसले नाहीत म्हणूनच ते पडलेले असतात.

समजा कागदावर असं आलं: मुळांचे तीन सेंटिमीटर ८, मधला भाग ६, टोकं ५. आता ठरवायचं की सगळं कुठे आणायचं. टोकांना वर नेणं धोक्याचं, म्हणून लक्ष्य ५ किंवा फार तर ६. खान्देशातल्या उन्हात गडद तपकिरी रंग टिकतो, फिका रंग लवकर पितळी होतो, म्हणून माझा कल ५ कडे असतो.

इथे एक नियम कामाला येतो. केस दोन पायऱ्यांपर्यंत खाली आणायचा असेल तर थेट रंग लावता येतो. तीन किंवा जास्त पायऱ्या असतील तर मधे भराव लागतो, त्याला फिलर म्हणतात. कारण साधं आहे. नैसर्गिक तपकिरी रंगाच्या पोटात लाल आणि सोनेरी असतं. ब्लीचने ते काढून टाकलेलं असतं. पिवळ्या केसावर तुम्ही थेट तपकिरी ओतला तर आत आधाराला लाल नसतो, आणि रंग चिखलासारखा, हिरवट दिसतो. वर तो दोन-तीन धुण्यांत उतरतो. "मी ब्राउन लावला, शेवाळी आला" या तक्रारीमागे बहुतेक हेच असतं.

म्हणजे वरच्या उदाहरणात मुळं ८ वरून ५ वर आणायची तर आधी त्यांना तांबूस-सोनेरी भराव द्यायचा. ट्यूबवर दशांशाच्या आधीचा आकडा पायरी सांगतो, नंतरचा रंगाची झाक. बऱ्याच कंपन्यांत .१ म्हणजे ॲश (राखेसारखी थंड, निळसर झाक), .३ म्हणजे सोनेरी. पुढचे आकडे मात्र कंपनीगणिक बदलतात, एकीकडे .४ तांबूस असतो, दुसरीकडे लाल. दुकानदाराकडे शेड कार्ड मागा, नुसत्या आकड्यावर भरवसा ठेवू नका.

रंग आणला की ४८ तास आधी पॅच टेस्ट करा. कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला एक ठिपका लावायचा. खाज, लाली, सूज आली तर तो रंग डोक्याला लावायचा नाही, एवढंच. काळ्या मेंदीच्या पुडीने कधी अंगावर उठलं असेल तर हे दुप्पट जपा, कारण त्या पुड्यांत बहुधा पीपीडी नावाचं ॲलर्जी करणारं रंगाचं रसायन असतं आणि तेच बऱ्याच गडद डायमध्येही असतं.

तीन दिवस आधी क्लॅरिफाइंग किंवा चिलेटिंग शाम्पूने, म्हणजे केसावर साचलेला थर आणि पाण्यातले क्षार काढणाऱ्या शाम्पूने, केस एकदा धुवा. बोअरचं पाणी वापरणाऱ्यांनी हे टाळू नका. बादलीच्या कडेला आणि नळाच्या तोंडाला जो पांढरा थर बसतो तोच केसावरही बसतो, आणि रंग त्याच्यावर डागाडागाने चढतो. पाण्यात लोह किंवा तांबं असेल तर गोष्ट अजून बिघडते: हे धातू पेरॉक्साइडला भलत्याच वेगाने फोडतात, आणि तांब्याने फिके केस हिरवट पडतात. शाम्पूनंतर रंगाच्या दिवसापर्यंत तेल लावू नका.

रंगाच्या दिवशी सामान असं लागेल: प्लास्टिकची वाटी, डाय ब्रश, शेपटीचा कंगवा, सहा क्लिपा, हातमोजे, जुना टॉवेल, कपाळाच्या कडेला लावायला व्हॅसलीन, आणि ग्रॅम दाखवणारा स्वयंपाकघरातला काटा. काटा खरंच घ्या. चमच्याने मोजलेलं प्रत्येक वेळी वेगळं येतं. स्टीलची वाटी नको. डेव्हलपर १० व्हॉल्यूमचा, म्हणजे ३ टक्क्यांचा. आपल्याला उजळायचं नाही, बसवायचं आहे. २० व्हॉल्यूम, म्हणजे ६ टक्के, घेतला तर नव्या, न रंगवलेल्या मुळांना तो थोडं उजळवतो आणि मग पट्टे नव्याने दिसतात. मिळाला तर डेमी-परमनंट, म्हणजे केस न उजळवता बसणारा आणि हळूहळू उतरणारा, रंग घ्या.

भरावासाठी ७ पायरीचा सोनेरी १० ग्रॅम आणि तांबूस १० ग्रॅम, त्यात १० व्हॉल्यूम ४० मिलिलिटर. हे फक्त पिवळ्या भागावर लावायचं. भगव्या भागाला भरावाची गरज नाही, तो आधीच तांबूस आहे. पाऊण बोट रुंदीच्या बटा घ्या, पिवळं जिथे संपतं तिथे ब्रश थांबवा आणि कडेला कंगव्याच्या टोकाने रंग थोडा खाली ओढून धूसर करा, नाहीतर तिथे नवी रेघ उमटते. पंधरा-वीस मिनिटं. साध्या पाण्याने धुवा, शाम्पू नको, टॉवेलने टिपून घ्या. या टप्प्याला आरशात मुळं गाजरासारखी दिसतील. घाबरू नका. असंच दिसायला हवं.

मग मुख्य रंग. खांद्यापर्यंतच्या केसांना साधारण ६० ग्रॅम रंग आणि ९० मिलिलिटर डेव्हलपर पुरतो. ट्यूबवर वेगळं प्रमाण लिहिलं असेल तर ते पाळा. एकच वाटी सगळीकडे लावू नका. दोन वाट्या करा. मुळांसाठी ५.० एकटा, कारण भरावाने तिथे हवी ती ऊब आली आहे. मधल्या भगव्या भागासाठी ५.० आणि ५.१ निम्मे-निम्मे, कारण ॲशमधली निळसर झाक भगव्याला मारते. मधल्या भागापासून सुरुवात करा, मग मुळं, आणि टोकं शेवटच्या पाच-सात मिनिटांत. टोकं सच्छिद्र झालेली असतात, रंग स्पंजासारखा शोषतात आणि थंड झाक तर फारच. सुरुवातीपासून लावली तर टोकं राखाडी-काळी होतात आणि पट्टा फक्त जागा बदलतो. एकूण वेळ वीस ते तीस मिनिटं, पण दर पाच मिनिटांनी एक बट ओल्या कापसाने पुसून बघा. हवा कोरडी असेल तर शॉवर कॅप सैलसर घाला, पंखा आणि कूलर बंद.

धुवायच्या पाण्याकडे लक्ष द्या. मे महिन्यात दुपारी गच्चीवरच्या टाकीचं पाणी हात भाजेल इतकं तापतं. नुकताच बसलेला रंग त्याने निघून जातो. पहाटेची वेळ साधा, किंवा माठातलं पाणी मिसळून कोमट-गार करा. शेवटचा तांब्याभर पाण्याचा हात आरओच्या पाण्याचा असला तर उत्तम.

ब्लीच परत कधी वापरायचं? जेव्हा सगळं डोकं नीट उजळलंय आणि मधेच एक-दोन रुपयाच्या नाण्याएवढे काळे ठिपके सुटलेत, आणि केस ताणाच्या चाचणीत पास झालेत, तेव्हाच. मिश्रण घट्ट करा, १० ग्रॅम पावडरला १५ मिलिलिटर २० व्हॉल्यूम, श्रीखंडाइतकं. नेहमीचं एकास दोन प्रमाण दह्यासारखं असतं आणि ते शेजारच्या उजळ केसांवर ओघळतं. ठिपक्याची बट वेगळी काढा, खाली फॉइल, वर-खाली जिथे उजळ भाग सुरू होतो तिथे कंडिशनर फासून कापसाची वात ठेवा. ब्लीच फक्त काळ्यावर. दर पाच मिनिटांनी बघायचं, शेजारच्या रंगाच्या एक पायरी अलीकडे आलं की पुसून घ्यायचं, कारण धुवेपर्यंत ते अजून थोडं पुढे जातं. तीस मिनिटांत सरकलंच नाही तर ते तिथे डायचा थर असल्याचं लक्षण. वेळ वाढवू नका आणि ३० किंवा ४० व्हॉल्यूमकडे वळू नका. ज्यांना दम्याचा त्रास आहे त्यांनी ब्लीच पावडरपासून लांबच राहावं. तिच्यातल्या परसल्फेटने धाप लागू शकते. इतरांनीही पावडर कालवताना खिडकी उघडी ठेवावी.

मेंदीवाल्या केसांचं प्रकरण वेगळं आहे. आपल्याकडे मेंदी लोखंडी कढईत, चहाच्या पाण्यात रात्रभर भिजवतात, गडद रंग यावा म्हणून. रंग येतो तो कढईच्या लोहामुळे, आणि ते लोह केसावर राहतं. बाजारातल्या काही पुड्यांत धातूंचे क्षारही असतात. अशा केसाला ब्लीच लागलं की मिश्रण तापू शकतं, फसफसू शकतं, केस तिथेच जळून तुटू शकतात. मेंदीवर नीळ (इंडिगो पावडर) चढवलेली असेल तर ब्लीचनंतर हिरवा रंग उरतो आणि तो सहज जात नाही. म्हणून कंगव्यात आलेले दहा-बारा केस दोऱ्याने बांधा, प्लास्टिकच्या वाटीत थोड्या ब्लीचच्या मिश्रणात बुडवा आणि वाटीला बाहेरून बोट लावून ठेवा. वाटी कोमट व्हायला लागली, फेस आला, वास बदलला, तर त्या डोक्याला ब्लीच वर्ज्य. ही चाचणी पहिल्या ब्लीचच्या आधी व्हायला हवी होती, पण ठिपके दुरुस्त करण्याआधीही ती चुकवू नका.

ज्यांना गडद व्हायचंच नाही, फक्त पिवळेपणा मारायचा आहे, त्यांच्यासाठी टोनर. जांभळा पिवळ्याला मारतो, निळा भगव्याला, हिरवा लालला. जांभळ्या शाम्पूने भगवे केस ठीक होतील ही आशा सोडा. तो ८ च्या वरच्या पिवळ्यासाठी आहे. भगव्यावर निळा शाम्पू थोडा फरक करतो, तोही आठवड्यातून एकदा, तीन-चार मिनिटं. आणि १० पायरीचा ॲश टोनर ६ च्या भगव्यावर लावून काहीच होत नाही, पैसे वाया जातात. टोनर केसाच्या पायरीचा किंवा त्याहून एक पायरी गडद असावा लागतो. पट्टे असतील तर टोनर एकटा ते झाकत नाही, कारण पट्टा हा पायरीतला फरक असतो आणि टोनर बदलतो फक्त झाक.

लिंबू आणि खायचा सोडा, या दोन गोष्टी घरोघरी सुचवल्या जातात. सोडा अल्कली आहे, आधीच उघड्या पडलेल्या केसाचे खवले आणखी उघडतो आणि बसवलेला रंग बाहेर काढतो. लिंबू लावून उन्हात बसलात तर पुन्हा असमान उजळतं, आणि कपाळाच्या कडेची कातडी भाजून काळी पडते ती वेगळी. रंगानंतर केसाला थोडं आम्ल हवं असेल तर एक लिटर पाण्यात एक मोठा चमचा व्हिनेगर पुरे, पंधरवड्यातून एकदा.

रंगानंतर दोन दिवस डोकं धुवू नका. मग आठवड्यात दोनदा, सल्फेट नसलेल्या शाम्पूने. धुण्याआधी तासभर लांबीला खोबरेल लावलं तर केसातलं प्रोटीन कमी निघतं. शेतात, बाजारात, गाडीवर जाताना ओढणी किंवा रुमाल बांधा. ऊन रंग उडवतं आणि ते वरच्या थराचा उडवतं, आतल्याचा नाही, म्हणून महिन्याभरात वरून पुन्हा तांबूस पट्टा दिसायला लागतो. तसं झालं तर सगळं डोकं परत रंगवायचं नाही. फक्त वरच्या थराला, ट्यूबमध्ये उरलेल्या ५.० आणि ५.१ चं ताजं मिश्रण दहा मिनिटं. त्यासाठी ट्यूब लागेल तेवढीच पिळा, तोंड घट्ट बंद करून सावलीत ठेवा. कालवलेला रंग मात्र कधीच साठवायचा नाही, आणि बंद डबीत तर मुळीच नाही, तो फुगून झाकण उडवतो.